रागाच्या भरात घेतलेला कॉम्प्रेसर

"पाळणा मी घरीच रंगवतो," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात घास होता. त्यामुळे ते वाक्य कोणाला नीट कळलं नसेल अशी मला आशा होती. पण मी बेंबीच्या देठापासून मारलेल्या हाका ज्या बायकोला ऐकू येत नाहीत, तिला घासाआडून निसटलेलं वाक्य मात्र अचूक ऐकू येतं.

"घरी? कोण रंगवणार?" तिने विचारलं.

"मी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीजवळच्या स्टुलाकडे पाहिलं आणि ती पाणी प्यायली. ते स्टूल मीच रंगवलेलं. त्याला ब्रशचे इतके केस चिकटलेत की पाहुण्यांची मुलं येता-जाता त्याला कुरवाळतात.

यात माझी काहीही चूक नव्हती. सगळा दोष माझ्यासमोर बसून जेवणाऱ्या माणसाचा. हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मनातल्या मनात मी त्याला 'सल्लागार' म्हणतो. जगात अशी गोष्ट नाही जिच्यावर त्याच्याकडे सल्ला नाही. एकदा मी नुसता शिंकलो, तर म्हणाला, "भाऊजी, शिंकताना मान सरळ ठेवायची. मणक्याला बरं." तेव्हापासून त्याच्यासमोर मला शिंकसुद्धा येत नाही.

तर या सल्लागाराच्या घरी पहिल्यांदाच पाळणा हलणार होता. तो आणि माझी बायको ज्या पाळण्यात वाढले, तो लाकडी पाळणा आमच्या माळ्यावर पडून होता. तो न्यायला नवरा-बायको आले होते, आणि जेवता जेवता मेहुणा म्हणाला, "आपण तो चांगल्या पेंटरकडे देऊ. भाऊजींचा हात जरा... म्हणजे, भाऊजींना वेळ कुठे असतो!"

वाक्याच्या मध्येच तो जो थांबला, त्या थांबण्याने घात केला.

"आणि ब्रशने नाही," मी घास गिळून म्हणालो. "स्प्रेने. गाड्यांना मारतात तसा. आरसा होईल, आरसा!"

"अय्या, खरंच?" मेहुण्याची बायको म्हणाली. ती भली बाई आहे. तिचा माझ्यावर विश्वास आहे, कारण तिने ते स्टूल नीट पाहिलेलं नाही.

आता स्प्रे म्हटला की गन आली, गन म्हटली की हवा आली, आणि हवा म्हटली की कॉम्प्रेसर आला.

आमच्या घराच्या मागे एक खोली आहे. मी तिला वर्कशॉप म्हणतो, बायको अडगळ म्हणते, आणि वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई तिला नुसतं 'खाली तुमचं ते' म्हणतात. या खोलीसाठी कोणता कॉम्प्रेसर घ्यावा, याचा मी कसून अभ्यास केला. बराचसा ऑफिसात केला. (मी आवक-जावक विभागात आहे. त्या दिवसांत आवक झाली, जावक झाली नाही.) माझ्या ध्यानात आलं की लोक टाकी बघून भुलतात. मोठी टाकी म्हणजे मोठं काम, असं त्यांना वाटतं. पण टाकी हा नुसता साठा. खरा प्रश्न, यंत्र दर मिनिटाला हवा किती देतं हा. गन जेवढी हवा ओढते त्याहून थोडी जास्त मिळाली, की झालं. शिवाय ते बिनतेलाचं असावं, म्हणजे तेलाचे थेंब रंगात उतरत नाहीत. आवाज बेताचा असावा, म्हणजे वरच्या बाई खाली उतरत नाहीत. या सगळ्यात बसणारा एक छोटासा, हँडल धरून उचलता येईल असा निळा कॉम्प्रेसर मी मनात पक्का केला. इतका शहाणा निर्णय मी आयुष्यात घेतला नव्हता. तो अमलात आणायला फक्त दुकानात जायचं बाकी होतं.

दुकानात गेलो, तर आत मेहुणा उभा.

"ताई म्हणाली तुम्ही इथे येताय," तो म्हणाला. "म्हटलं, सोबत असावी."

माझ्या डोक्यात पहिली ठिणगी तिथे पडली. बायकोला मी सकाळी बजावून सांगितलं होतं, की कोणाला बोलू नकोस. (तिचं म्हणणं, भाऊ म्हणजे 'कोणी' नव्हे.)

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून पुढे आला. "काय काम करायचंय?"

'पाळणा' म्हणायची मला लाज वाटली. "फर्निचर," मी म्हणालो.

"किती वेळ सलग चालवणार?"

"बघू."

"घरात वायरिंग कसं आहे? जड मशीन सुरू होताना लोड घेतं. आणि शेजारी?"

"शेजाऱ्यांचं काय?"

"शेजारी कसे आहेत?"

हा मला मशीन विकतोय की मुलगी देतोय, तेच कळेना. मी सरळ त्या निळ्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवणार होतो. शपथेवर सांगतो, हात अर्धा वर गेला होता. तेवढ्यात मेहुणा पुढे झाला, नेमक्या त्याच निळ्या कॉम्प्रेसरवर थाप मारली आणि म्हणाला, "भाऊजी, डोळे मिटून हा घ्या! टाकीवर जाऊ नका. टाकी म्हणजे नुसता साठा!"

माझं वाक्य! माझ्या अभ्यासाचं सार! ज्याच्यापायी मी ऑफिसची जावक तुंबवली, ते हा माणूस इथे उभ्या उभ्या फुकट वाटत होता! आता मी तो निळा घेतला असता, तर काय झालं असतं? पुढची सगळी वर्षं दर जेवणाला ऐकावं लागलं असतं: 'भाऊजींना तो कॉम्प्रेसर मी निवडून दिला.' माझ्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. हात तर वर गेलेलाच होता. तो मी तसाच पुढे नेला आणि दुकानाच्या पार कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका लाल धुडावर रोखला.

"तो," मी म्हणालो.

दुकानदाराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "तो गॅरेजवाले नेतात."

"मग?"

"भाऊजी, तो तर ट्रकच्या टायरला..."

"मला कळतं!" मी ओरडलो. कळत होतंच. म्हणून तर जास्त राग आला होता.

दुसऱ्या दिवशी ते धूड टेम्पोतून आलं. खोलीच्या दारातून ते आत जाईना. टेम्पोवाला म्हणाला, "दार काढावं लागेल." मी म्हणालो, "काढा." बायको म्हणाली, "दार काढून घ्यायला हत्ती आणलाय का?" मी म्हणालो, "तू गप्प बस." त्यानंतर ती खरंच गप्प बसली, आणि ज्यांची लग्नं झालीत त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

दार काढून, ढकलून, रेटून यंत्र आत बसवलं. माझ्या वर्कशॉपमध्ये आता एक तर ते राहू शकत होतं, नाहीतर मी. कडेने अंग चोरून मी बटणापर्यंत पोचलो आणि ते दाबलं. 'घुंऽऽ' असा एक आवाज आला आणि आमच्या घरातले दिवे गेले. वरच्या मजल्यावरचेही गेले. एक मुलगी सूर लावून उभी होती, ती अंधारात किंचाळली, आणि ती किंचाळीही सुरात नव्हती असं बाईंनी नंतर मला खाली येऊन सुनावलं. जणू तिला मी शिकवत होतो!

मग इलेक्ट्रिशियन आला. त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कोणी घ्यायला सांगितलं?"

"कोणी नाही!" मी अभिमानाने म्हणालो.

"तेच म्हटलं," तो म्हणाला आणि वेगळी लाइन टाकून गेला.

यंत्र सुरू झालं. त्याचा आवाज कसा होता ते सांगतो. पत्र्याच्या पेटीत दगड भरून ती जिन्यावरून सोडली, आणि जिना संपतच नाही, असा. खिडकीची तावदानं थरथरत होती. कपाटातल्या बशा बोलायला लागल्या. (बायको अजून बोलत नव्हती.) आणि तासाभरात खोलीच्या खिडकीशी एक स्कूटरवाला येऊन उभा राहिला.

"मागच्या चाकात हवा मारा जरा."

"हे दुकान नाही!" मी ओरडलो.

"काय?"

"दुकान नाही!!"

"बरं, मग पुढच्याही चाकात मारा."

दार तर काढलेलंच होतं. तो स्कूटर थेट दारात घेऊन आला. त्याला हवा मारून दिली, तोवर त्याच्यामागे दोन सायकली उभ्या होत्या. नाक्यावरचा पंक्चरवाला त्याची गिऱ्हाइकं कुठे वळतायत ते बघायला आला आणि माझ्याकडे असं बघून गेला, की दोन दिवस मी ऑफिसला दुसऱ्या रस्त्याने गेलो.

पण या यंत्राचा एक मोठा फायदा मला लवकरच सापडला. माझा स्वभाव तसा शांत. (हे माझं मत.) पण माणसाच्या मनात काय काय साठतं! हेडक्लार्क, वरच्या बाई, मेहुणा. हे बोलायचं कुठे? ऑफिसात बोललो तर नोकरी जाते, घरात बोललो तर जेवण जातं. मात्र कॉम्प्रेसर सुरू असताना मी कितीही मोठ्याने बोललो तरी माझं मलासुद्धा ऐकू येत नव्हतं. पहिल्याच दिवशी पाळणा घासता घासता मी हेडक्लार्कच्या तोंडावर, म्हणजे पाळण्याच्या तोंडावर, असं काही सुनावलं की बस! हलकं वाटलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी बटण दाबायचो आणि तोंड सोडायचो. बायकोला वाटे मी मन लावून काम करतोय. ती हळूहळू बोलायलाही लागली.

मग आला रंगाचा दिवस. रविवार. पिवळा रंग कालवला, गन भरली, यंत्र चालू केलं आणि पहिला हात मारला. काय सांगू! लोण्यासारखा रंग बसत होता. मी शीळ घालत दुसऱ्या बाजूला वळलो आणि परत येऊन पाहतो, तर रंगावर फोड! सगळ्या पाळण्यावर बारीक बारीक फोड, जणू त्याला कांजिण्या आल्यात! पुसून पुन्हा मारला, पुन्हा फोड. तिसऱ्यांदा मारला, तर गनमधून रंगाऐवजी फुर्रकन पाणीच आलं.

हवा भरायच्या यंत्रातून पाणी! माझा तोल गेला. आणि माझा तोल गेला, की तो नेहमी मेहुण्याच्या दिशेने जातो.

"त्या सल्लागारामुळे!" मी यंत्राच्या गडगडाटात गर्जलो. "तो दुकानात आला नसता तर मी निळा घेतला असता! म्हणे 'सोबत असावी'! कोणी बोलावलं होतं याला? सगळ्या जगाला अक्कल शिकवतो! शिंकायचं कसं, झोपायचं कसं, चालायचं कसं! आणि स्वतः? बायकोने काढून दिल्याशिवाय याला मोजे सापडत नाहीत, आणि असा माणूस..."

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, जी माझ्या अभ्यासात होती, पण रागात डोक्यातून गेली. टाकी भरली की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. इतके दिवस पाळण्यावरची धूळ उडवायला मी सारखी हवा सोडत असे, म्हणून टाकी कधी भरलीच नव्हती.

"...ज्याला सल्ले द्यायची हौस दांडगी, पण स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो बाप होणार आहे! त्या पोराचं देवच रक्षण करो!!"

हे शेवटचं वाक्य संपूर्ण शांततेत, खणखणीत आवाजात, त्या खोलीत घुमलं. वरचं गाणंही थांबलं.

मी वळलो. दार नसलेल्या दारात तिघं उभी होती. बायकोच्या हातात चहाचा ट्रे होता. मेहुण्याची बायको एका हाताने चौकट धरून उभी होती. आणि मध्ये मेहुणा. पाळणा कसा झालाय ते बघायला आले होते.

मला वाटलं, आता हा काहीतरी सल्ला देईल. 'भाऊजी, ओरडताना घसा असा ठेवायचा.' पण त्याचा चेहरा लाल झाला होता, यंत्रापेक्षा लाल. मी त्याला कधीही रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"मला हौस आहे असं वाटतं तुम्हाला?" तो ओरडला. "बोलण्याची हौस आहे मला? तुमच्या घरी जेवायला बसलं की तुम्ही ताटाकडे बघून बसता! एक शब्द नाही! ताई बिचारी एकदा तुमच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे! कोणीतरी बोलायला नको? म्हणून बोलतो! सुचेल ते बोलतो! शिंकेवर बोलतो!"

"मग नको ना बोलूस!" मी ओरडलो.

"आणि त्या कॉम्प्रेसरचं मी आठवडाभर वाचत होतो! म्हटलं, निदान या विषयावर तरी भाऊजी माझ्याशी दोन वाक्यं..."

पाइप कुठेतरी गळत होता. टाकीतली हवा उतरली, आणि यंत्र धडाडधड पुन्हा सुरू झालं. मेहुण्याचं तोंड हलत होतं, हात हलत होते, शिरा ताणल्या होत्या. मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो, देव जाणे. दोघंही एकमेकांच्या नाकाशी नाक लावून, एक अक्षर ऐकू येत नसताना, जीव तोडून भांडत होतो. खिडकीत एक सायकलवाला हवा मिळेल या आशेने येऊन उभा राहिला आणि आमच्याकडे बघून सायकल हातात धरूनच निघून गेला.

मेहुण्याची बायको सावकाश पुढे आली. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"...मोजे पण सापडत नाहीत मला, हो!" मेहुणा शांततेत ओरडला. "काहीच येत नाही! पोर हातात कसं धरायचं तेही येत नाही! भीती वाटते मला!"

बायकोने चहाचा ट्रे खिडकीत ठेवला. 

"मला बसायला द्या काहीतरी," मेहुण्याची बायको म्हणाली. "आणि तुमचं दोघांचं झालं असेल, तर माझ्या पाळण्याला हे काय झालंय ते कोणी सांगेल का?"

बायकोने स्टूल आणलं. मेहुण्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, खाली वाकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "टाकीत पाणी साठतं. हवेतला ओलावा असतो तो. खालचा नळ उघडून रोज काढून टाकायचं असतं. सल्ला देत नाही. नुसतं सांगतो."

"हे मला माहीत होतं," मी म्हणालो. (नव्हतं.) आणि त्याच्याआधी हात घालून मीच तो नळ उघडला. आत हवेचा सगळा जोर शिल्लक होता, हेही मला माहीत असायला हवं होतं. गंजाचं लालभडक पाणी सुसाट आलं आणि माझ्या पँटवर, बनियनवर, चष्म्यावर बसलं. मेहुणा हसला नाही. त्याने हसू दाबलं ते मला दिसलं, आणि त्याचा मला इतका राग आला की मीच आधी हसलो.

मग आम्ही दोघांनी मिळून पाळणा पुन्हा घासला. तो म्हणाला आडवा घासा, मी म्हणालो उभा घासतात. अर्धा आडवा घासला, अर्धा उभा. स्प्रे त्याने मारला तेव्हा ओघळ आले, मी मारला तेव्हा भिंत पिवळी झाली. शेवटी मेहुण्याच्या बायकोने स्टुलावर बसल्या बसल्या आमच्या हातातून डबा घेतला, बायकोने दोन ब्रश आणले, आणि दोघींनी गप्पा मारत मारत संध्याकाळपर्यंत सगळा पाळणा हाताने रंगवून टाकला. आरशासारखा नाही झाला, पण पिवळा झाला. आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसून त्यांना सूचना देत होतो. एकमेकांशीही बोललो थोडं. पोर धरताना मान सांभाळायची, एवढं मी त्याला सांगितलं. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यातला तो पहिलाच सल्ला, जो कोणी ऐकला.

लाल धूड नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने नेलं. त्याची गिऱ्हाइकंही त्याच्याबरोबर परत गेली. दार पुन्हा बसवलं. ते आता लागत नाही, पण आहे.

मेहुण्याला मुलगी झाली. गोड आहे, पण झोपत नाही. पिवळ्या पाळण्यात घातली की गळा काढते. गाणी म्हणून झाली, खांद्यावर फिरवून झालं. एकदा आम्ही भेटायला गेलो, तेव्हाही ती घर डोक्यावर घेऊन रडत होती. मी नुकताच ऑफिसातून आलो होतो आणि हेडक्लार्कने माझी रजा कशी अडवली ते बायकोला तावातावाने सांगत होतो. सांगता सांगता लक्षात आलं, की रडणं थांबलंय. मी गप्प झालो. पोर रडलं. मी पुन्हा हेडक्लार्कवर घसरलो. पोराने जांभई दिली, मूठ गालाशी घेतली आणि झोपलं.

तेव्हापासून मेहुण्याचे फोन सुरू झालेत. कालही दुपारी आला. मागे पोर टाहो फोडत होतं.

"भाऊजी, सध्या तुम्हाला कोणाचा राग आलाय का?"

"तुझाच आलाय!" मी भडकलो. "मी काय खुळखुळा आहे? सुट्टीच्या दिवशी दुपारी माणसाला उठवतोस! मला काही मान आहे की नाही? माझ्या संतापाची कोणाला काही किंमत..."

बोलत सुटलो. चांगला झाडून काढला त्याला. एकही शब्द मागे ठेवला नाही. दमून थांबलो, तेव्हा फोनमधून त्याचा अगदी हलका आवाज आला.

"झोपली, भाऊजी. उपकार झाले. जरा ताईला देता का फोन?"

मी मागे वळलो. बायको खुर्चीतच, भाजीची सुरी हातात धरून, मान एका बाजूला टाकून घोरत होती.